फौंड्रीत १४ वर्षं, निदान सिलिकोसिस: भरपाईचा दावा कुठून सुरू करायचा?

तुम्ही लिहिलेलं आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर तुम्हाला लगेच दिसेल. तुमचे थोरले भाऊ, वय ४५. कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत १४ वर्षं फेटलिंगला, म्हणजे कास्टिंगला चिकटलेली वाळू ग्राइंडरने काढायच्या कामाला होते. कंपनी तीच, ठेकेदार मात्र तीन-चार वेळा बदलले. खोकला, दम, वजन उतरणं सुरू झाल्यावर दोनदा टीबीचा कोर्स झाला. दोन्ही वेळा थुंकीची तपासणी निगेटिव्ह होती. सप्टेंबर २०२५ पासून त्यांना कामावर जाणं जमलेलं नाही. आता सीटी स्कॅनवर सिलिकोसिस (वाळूतली सिलिकाची धूळ फुप्फुसांत साचून होणारा आजार) असं लिहून आलंय. पगारातून ईएसआय (कामगारांच्या सरकारी विम्याची वर्गणी) ‘कधी कधी’ कापलं जायचं. आणि मागच्या आठवड्यात ठेकेदाराचा माणूस दीड लाख रुपये आणि स्टॅम्पपेपर घेऊन घरी येऊन गेला. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: केस कोणावर करायची, मुदत संपली का, आणि किती रक्कम मिळेल.

रकमेचं सगळ्यात शेवटी सांगते, कारण ते आधीच्या दोन-तीन गोष्टींवर अवलंबून आहे. पण स्टॅम्पपेपरचं आत्ताच. त्यावर सही करू नका. कोरा असेल तर नाहीच नाही, लिहिलेला असला तरी नाही. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात कामगाराने आपला हक्क सोडून देण्याचा करार रद्दबातल धरला जातो (कलम १७). तडजोड करायचीच असेल तर तिचा मसुदा भरपाईचे दावे चालवणाऱ्या आयुक्तांकडे नोंदवावा लागतो, आणि रक्कम अपुरी वाटली किंवा फसवणूक दिसली तर आयुक्त ती नोंदणी नाकारू शकतात. नोंदणी न करता मालकाने परस्पर पैसे दिले तर पूर्ण भरपाईची त्याची जबाबदारी तशीच उभी राहते, आणि दिलेल्या रकमेपैकी साधारणपणे निम्म्याहून जास्त त्याला वळती करून घेता येत नाही (कलम २९). म्हणजे सही झाली म्हणून सगळं संपतं असं नाही. पण ‘मी स्वखुशीने काम सोडलं, मला कोणताही आजार कामामुळे झालेला नाही’ अशी वाक्यं त्या कागदात असतात, आणि उलटतपासणीत तीच वाक्यं तुमच्या भावासमोर धरली जातात. औषधपाण्यासाठी पैशांची गरज आहे, हे मला दिसतंय. पैसे घेतलेच तर साध्या पावतीवर, ‘उपचारासाठी आगाऊ’ एवढंच लिहून घ्या, जमलं तर बँकेत.

आता मूळ अडचणीकडे येते. प्रेसमध्ये बोटं गेली तर त्या घटनेला तारीख असते, पाळी असते, रक्त पुसणारा सहकारी असतो. धुळीच्या आजाराला यातलं काहीच नसतं. रोज थोडी वाळू छातीत जाते आणि दहा-बारा वर्षांनी दम लागायला लागतो. म्हणून कायद्याने एक सोय केली आहे: अनुसूची ३ मध्ये व्यावसायिक आजारांची यादी आहे, आणि त्या यादीतला आजार त्या-त्या कामात झाला तर तो कामावरचा अपघातच मानला जातो. यादीचे तीन भाग आहेत. अ भागातल्या आजारांना, उदाहरणार्थ शिशाची विषबाधा, कामाचा किमान काळ लागत नाही. आवाजामुळे येणारा बहिरेपणा ब भागात आहे. तिथे सलग सहा महिन्यांची नोकरी लागते. सिलिकोसिस क भागात येतो, त्यासाठी केंद्र सरकारने काळ ठरवलेला असतो. तो पूर्ण भरला नसला तरी आजार कामामुळेच झाला हे दाखवता आलं तर दावा टिकतो. १४ वर्षांत तुम्हाला काळाची चिंता करायचं कारण नाही.

तुमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे क भागातल्या त्याच नोंदीत सिलिको-ट्युबरक्युलोसिस, म्हणजे सिलिकोसिससोबतचा टीबीही आहे, फक्त अट एवढी की आलेल्या अक्षमतेमागे सिलिकोसिस हे आवश्यक कारण असावं. कंपनीचे वकील हमखास म्हणणार, ‘यांना टीबी होता, टीबी गावात कुणालाही होतो.’ सिलिका भरलेल्या फुप्फुसाला टीबी सहज धरतो, हे वैद्यकशास्त्रात जुनं आणि मान्य आहे. तेव्हा टीबीचे कागद लपवू नका, फाडू नका. दोन कोर्स होऊनही आराम नाही आणि थुंकी निगेटिव्ह, हा मजकूर तुमच्या बाजूने बोलतो. डॉक्टरांनी टीबीचं औषध पुन्हा सुरू केलं तर ते मात्र केसचा विचार न करता घ्यायचं. दोन्ही आजार एकत्र असू शकतात.

पण यादीत आजाराचं नाव असलं तरी दोन गोष्टी तुम्हालाच सिद्ध कराव्या लागतात: आजार खरोखर सिलिकोसिसच आहे, आणि तुमचे भाऊ खरोखर त्या धुळीत काम करत होते. माझ्याकडे येणाऱ्या फायलींत पहिली गोष्ट डॉक्टर करून देतात. दावे अडतात ते दुसरीवर.

रुग्णालयाचा केसपेपर काढून बघा. व्यवसायाच्या रकान्यात ‘मजूर’ किंवा ‘शेती’ लिहिलेलं असेल, नाहीतर तो रकाना रिकामा असेल. ओपीडीत गर्दी असते, कोणी विचारत नाही, पेशंटही सांगत नाही. पुढच्या भेटीत छातीच्या डॉक्टरांना नीट सांगा की लोखंडी कास्टिंगला चिकटलेली वाळू ग्राइंडरने काढायचं काम, बंद शेड, अमुक साल ते अमुक साल, तोंडाला फक्त रुमाल. आणि हे केसपेपरवर लिहून घ्या. सिलिकोसिसचं निदान कामाचा इतिहास आणि एक्स-रे एकत्र बघूनच होतं. इतिहास लिहिलेलाच नसेल तर समोरचा डॉक्टर साक्षीत म्हणेल की सीटीवरचे ठिपके दुसऱ्या कशाचेही असू शकतात. सगळ्या जुन्या एक्स-रेच्या मूळ फिल्म सांभाळा, फक्त रिपोर्ट नव्हे. पाच वर्षांपूर्वीची फिल्म आणि आजची फिल्म शेजारी-शेजारी लावली की आजार कसा वाढला ते न्यायाधीशांनाही दिसतं. फुप्फुसांची क्षमता मोजणारी स्पायरोमेट्री झाली नसेल तर करून घ्या.

कामाचा पुरावा कुठे शोधायचा? ठेक्यावरच्या माणसाकडे नेमणूकपत्र नसतं, हे गृहीत धरूनच मी सुरुवात करते. पीएफचा यूएएन (खात्याचा कायमचा क्रमांक) असेल तर पासबुकमध्ये ठेकेदारांची नावं ओळीने निघतात. साल कळतं आणि कंपनी तीच असल्याचा धागा मिळतो. बँकेत पगार जमा होत असेल तर त्या नोंदी. गेटपास, हजेरी कार्ड, कंपनीच्या बसचा पास, सेफ्टी शूज मिळाल्याची सही, ओव्हरटाइमला बोलावणारे व्हॉट्सॲप मेसेज, खंडेनवमीला मशीनची पूजा करतानाचा शेडमधला फोटो. या फोटोला हसू नका. ग्राइंडर, कास्टिंगचा ढीग आणि तुमचे भाऊ एकाच चौकटीत दिसले तर ‘हा माणूस पॅकिंगला होता’ हा बचाव तिथेच ढिला पडतो. याशिवाय फेटलिंगलाच काम केलेले, आता कंपनीत नसलेले दोन-तीन साक्षीदार. आत असलेल्या कामगाराला साक्षीला ओढू नका. त्याचं पोट तिथे आहे, आणि ऐनवेळी तो फिरला तर नुकसान तुमचंच.

कंपनीकडचे कागदही मागता येतात. तुमच्या भावाच्या नोकरीच्या काळात १९४८ चा कारखाने अधिनियम लागू होता, आणि त्यात फौंड्री हा धोकादायक प्रक्रियेचा उद्योग म्हणून नोंदलेला आहे. अशा ठिकाणी दर १२ महिन्यांच्या आत प्रत्येक कामगाराची वैद्यकीय तपासणी करायची, आरोग्याची नोंद ठेवायची आणि ती कामगाराला बघू द्यायची, हे बंधन कलम ४१-सी ने मालकावर घातलं होतं. लेखी अर्ज करून ती नोंद मागा, पोच घ्या. नोंद दिली तर आजार कधी सुरू झाला ते कळेल. दिली नाही तर ‘तपासणीच केली नाही’ हे तुम्ही दाव्यात लिहू शकता. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे माहितीच्या अधिकारात त्या कारखान्याच्या तपासणीचे अहवाल मागता येतात. त्याच कायद्यात सिलिकोसिस हा कळवण्याचा आजार होता. निदान करणाऱ्या डॉक्टरने मुख्य कारखाना निरीक्षकांना लेखी कळवणं बंधनकारक होतं. फार थोडे डॉक्टर कळवतात, याचा मला दरवेळी त्रास होतो, कारण त्या एका पत्राने कुटुंबाची कितीतरी धावपळ वाचली असती. तुमच्या डॉक्टरांना विनंती करा. नाही म्हणाले तर तुम्हीच निदानाची प्रत जोडून संचालनालयाला अर्ज द्या.

आता केस कोणावर. याचं उत्तर ‘कधी कधी कापलं जायचं’ या तुमच्या चार शब्दांवर अवलंबून आहे, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

ईएसआय लागू असलेला कामगार आणि नसलेला कामगार यांचे रस्ते पूर्ण वेगळे आहेत. ईएसआयखाली विमा असेल तर कामावरच्या इजेसाठी किंवा व्यावसायिक आजारासाठी मालकाकडून भरपाई मागता येत नाही (ईएसआय कायदा, कलम ५३). मागायचं ते ईएसआय महामंडळाकडे. विमा नसेल तर १९२३ च्या कायद्याखाली मालकावर दावा. बरेच जण हे न तपासता थेट भरपाईचा दावा टाकतात, तारखांवर तारखा पडतात, आणि पुरावा संपत आल्यावर कंपनी ईएसआयचा नंबर काढून दाखवते. गेलेली वर्षं परत येत नाहीत. म्हणून आधी भावाचा ईएसआय नंबर शोधा: जुन्या पगारपत्रकावर, पेहचान कार्डावर, नाहीतर जवळच्या ईएसआय शाखा कार्यालयात आधार घेऊन.

वर्गणी काही महिने भरली, काही महिने बुडवली, असं निघालं तर घाबरू नका. कायद्याच्या व्याख्येत विमित व्यक्ती म्हणजे जिच्यासाठी वर्गणी देय आहे किंवा होती ती. प्रत्यक्ष भरली का, हा मालक आणि महामंडळ यांच्यातला प्रश्न आहे. ठेकेदाराने भरली नाही तर मुख्य मालक, म्हणजे कंपनी जबाबदार, आणि महामंडळ ती त्याच्याकडून वसूल करू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये भरगथ इंजिनिअरिंगच्या प्रकरणात हेच धरलं: तिथे कामगाराच्या मृत्यूनंतर वर्गणी भरली गेली, तरी तो विमितच मानला गेला. जानेवारी २०१७ पासून ईएसआयची वेतनमर्यादा महिना २१,००० रुपये आहे. तुमच्या भावाचा पगार कायम त्याखाली असेल आणि कारखान्याला ईएसआय लागू असेल, तर तुमचा रस्ता बहुधा ईएसआयचाच आहे. तिथे कामावरच्या इजेसाठी वर्गणीचे ठरावीक दिवस भरल्याची अटही नसते.

ईएसआय लागू नव्हतं असं निघालं तर दावा ठेकेदार आणि कंपनी दोघांवर. फेटलिंग हा फौंड्रीच्या धंद्याचाच भाग आहे आणि काम कंपनीच्या आवारात झालं, त्यामुळे १९२३ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कंपनीकडून भरपाई मागता येते. कंपनीने नंतर ती ठेकेदाराकडून वसूल करावी. ठेकेदार बदलले म्हणून तुमची बाजू कमजोर होत नाही. क भागातल्या आजारांसाठी कायदा स्पष्ट सांगतो की काम एकापेक्षा जास्त मालकांकडे झालं असेल तर सगळे जबाबदार, वाटणी आयुक्त ठरवतील. सगळ्यांना पक्षकार करा.

मुदत. १९२३ च्या कायद्यात दावा दोन वर्षांत करायचा असतो. आजारात ही दोन वर्षं कामावर रुजू झाल्यापासून किंवा पहिल्या खोकल्यापासून धरत नाहीत. आजारामुळे सलग गैरहजेरी सुरू झाली तो पहिला दिवस हाच अपघाताचा दिवस मानतात. तुमच्या बाबतीत तो सप्टेंबर २०२५ मध्ये पडतो, म्हणजे मुदत शिल्लक आहे. पुरेसं कारण दाखवलं तर उशीर माफही होतो, पण त्या भरवशावर राहू नका. आजाराची लेखी सूचना कंपनीला आणि ठेकेदाराला या आठवड्यातच रजिस्टर पोस्टाने पाठवा, पोच जपा.

इथे एक नवी गोष्ट लक्षात घ्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आहेत आणि १९२३ चा कायदा, ईएसआय कायदा हे सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले गेले. आजारांची यादी आणि भरपाईची चौकट बरीचशी तीच आहे, कलमांचे आकडे बदललेत. तुमच्या भावाची गैरहजेरी त्या तारखेच्या आधी सुरू झाली, म्हणून हक्क जुन्या कायद्याखाली तयार झाला, अशी मांडणी मी करेन. त्यासाठी सप्टेंबरमधला शेवटचा हजेरीचा दिवस पुराव्याने पक्का करा.

आता रक्कम. कायमच्या पूर्ण अक्षमतेला मासिक वेतनाचे ६० टक्के गुणिले वयाप्रमाणे ठरलेला गुणक, असं सूत्र आहे. ३ जानेवारी २०२० पासून हिशोबासाठी वेतन जास्तीत जास्त १५,००० रुपये धरतात, प्रत्यक्ष पगार त्याहून जास्त असला तरी. वय ४५ ला गुणक १६९.४४. म्हणजे पगार १५,००० किंवा जास्त असेल तर ९,००० × १६९.४४ = १५,२४,९६० रुपये. कमाईची क्षमता ७० टक्के गेली असं ठरलं तर १०,६७,४७२. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. भरपाई देय झाल्यापासून महिनाभरात दिली नाही तर वर्षाला १२ टक्के व्याज, आणि विलंबाला योग्य कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. आता त्या दीड लाखाकडे पुन्हा बघा.

ईएसआयच्या रस्त्यावर एकरकमी मोठा आकडा दिसत नाही, म्हणून लोक नाराज होतात. पण तिथे कायमच्या अक्षमतेसाठी वेतनाच्या ९० टक्के दराच्या प्रमाणात, वैद्यकीय मंडळ ठरवेल तितक्या टक्क्यांनी, दरमहा रक्कम मिळते आणि ती आयुष्यभर चालते. १५,००० पगार आणि ७० टक्के अक्षमता धरली तर ढोबळ हिशोबाने महिना ९,४५० रुपये. सोबत उपचार. सिलिकोसिस बरा होत नाही, औषधं आणि पुढे कदाचित ऑक्सिजन लागेल, हे लक्षात घेतलं तर दरमहा येणारा पैसा घराला जास्त आधार देतो, असं माझं मत आहे. मंडळाने टक्केवारी कमी लावली तर वैद्यकीय अपील न्यायाधिकरण किंवा ईएसआय न्यायालयात दाद मागता येते.

१९२३ च्या कायद्याच्या रस्त्याने गेलात तर टक्केवारीवर खरी लढाई होते. डॉक्टर शरीराची अक्षमता लिहितात, समजा ४० टक्के. कायदा विचारतो कमाईची क्षमता किती गेली. हे दोन आकडे एक नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये प्रताप नारायण सिंग देव प्रकरणात एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापला गेल्यावर त्याची कमाईची क्षमता १०० टक्के गेली असं मानलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. तुमच्या भावाचं तसंच आहे. धुळीत त्यांना परत जाता येणार नाही, दम लागत असल्याने शेतीचं किंवा हमालीचं कामही जमणार नाही, शिक्षण किती, दुसरं हुनर आहे का, हे सगळं साक्षीत यायला हवं. जिना चढताना किती पायऱ्यांवर थांबावं लागतं हे त्यांनी स्वतःच्या तोंडून सांगावं. डॉक्टरांना प्रमाणपत्रात ‘फौंड्रीच्या किंवा कुठल्याही अंगमेहनतीच्या कामास अयोग्य’ असं स्पष्ट लिहायला सांगा.

खर्चाची काळजी तुमच्या पत्रात दिसली. औद्योगिक कामगाराला विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयातल्या प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज करा. नोंदणीकृत युनियनचा पदाधिकारीही बाजू मांडू शकतो. दावा तुम्ही राहता त्या भागातही दाखल करता येतो, कंपनीच्या गावी खेटे घालायची सक्ती नाही. निकालाला वेळ लागतो, हे लपवत नाही. म्हणून मालकाने थोडी जरी जबाबदारी मान्य केली तर तेवढी रक्कम तात्पुरती लगेच जमा करण्याची मागणी पहिल्या तारखेलाच करायची.

तर क्रम असा: सही नाही; ईएसआय नंबरचा शोध; केसपेपरवर कामाचा इतिहास; कंपनीला लेखी सूचना; मग वकील. वकिलाकडे जाताना ही चार कामं झालेली असतील तर पहिल्याच बैठकीत दावा लिहायला घेता येतो.

आणि त्या शेडमध्ये तुमच्या भावाबरोबर ग्राइंडर चालवणारे आणखी कोण होते? त्यांच्यापैकी कुणाला खोकला, दम असेल किंवा टीबीचं औषध चालू असेल, तर त्यांना छातीचा एक्स-रे काढायला सांगा आणि डॉक्टरांना कामाचं सांगायला लावा. जे अजून आत आहेत त्यांना कमी धुळीच्या खात्यात बदली मागता येईल. सीटीचा रिपोर्ट आणि पीएफचं पासबुक हाती आलं की नाव-पत्ता झाकून त्यातला मजकूर इथे लिहा, ईएसआयचा मुद्दा मी पुढे बघून सांगते.